नौदलाच्या बँडमधले मामा, सर्फिंग आणि सोलापूर : निवृत्तीनंतर किनाऱ्यावर शिकवायला जावे का?

प्रश्न : कंबरतलाव (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

माझे मामा भारतीय नौदलात वादक होते. कुलाब्याच्या आयएनएस कुंजाली या तळावर नौदलाचे संगीत विद्यालय आहे. तिथे ते क्लॅरिनेट शिकले आणि पुढची नोकरी त्यांनी मुंबई आणि विशाखापट्टणम येथे केली. जहाजे सदिच्छा भेटीसाठी परदेशी बंदरांत जातात तेव्हा बँडची तुकडीही पुष्कळदा बरोबर असते. अशाच एका भेटीत दरबानच्या किनाऱ्यावर लाटेवर उभी राहून येणारी माणसे मामांनी प्रथम पाहिली, आणि विशाखापट्टणमला परतल्यावर ऋषिकोंडा किनाऱ्यावर कुणा पाहुण्याचा बोर्ड मागून घेऊन ते स्वतः शिकले. पस्तिशीत निवृत्तिवेतन घेऊन ते सोलापूरला आले, एका शाळेत संगीतशिक्षक झाले, शाळेचे बँडपथक त्यांनी शून्यातून उभे केले आणि रात्री ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवून घराचा वरखर्च भागवला.

सर्फिंग मात्र सुटले नाही. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्या गावातला एक संगीतशिक्षक दर उन्हाळ्यात लांबलचक बोर्ड घेऊन चेन्नईची गाडी पकडतो, याचे आमच्या पेठेत आजही हसू होते. बोर्डाला मामींनी दोन जुन्या सोलापुरी चादरींची खोळ शिवून दिली आहे, आणि टोकाशी जिथे तो डब्याच्या दाराला घासतो तिथे टॉवेलचा दुहेरी तुकडा लावला आहे. स्थानकावर कुणी विचारले की मामा ‘पाण्यातली फळी’ एवढेच सांगतात, आणि विचारणारा आणखी गोंधळतो.

येत्या वर्षी मामा अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त होतील. त्यानंतर वर्षातले काही महिने किनाऱ्यावर राहून सकाळी सर्फिंग शिकवावे आणि संध्याकाळी कोळीवाड्यातल्या मुलांना वाद्ये शिकवावीत, असे त्यांनी ठरवले आहे. मामी तयार नाहीत. माझी आई तर या विषयावर बोलायलाही तयार नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या वयात लाटांत रोज उतरणे कितपत सुरक्षित आहे? शिकवण्यासाठी काही रीतसर प्रशिक्षण लागते का? आणि कोणता किनारा निवडावा? गेल्या वर्षापासून त्यांना उजव्या कानाने थोडे कमी ऐकू येते, हेही सांगून ठेवते, कारण घरात सगळा दोष समुद्राच्या पाण्यावर ढकलला जात आहे.

उत्तर : हिप्परगा_ते_कोवलम

मी मूळचा सोलापूरचा. नोकरीनिमित्त चेन्नईत राहतो आणि सुट्टीच्या सकाळी कोवलमच्या पाण्यात असतो. तुमचे मामा बहुधा याच किनाऱ्यावर येत असावेत, कारण चेन्नईच्या दक्षिणेला पूर्व किनारा रस्त्यावर, साधारण चाळीस किलोमीटरवर हे मच्छीमारांचे गाव आहे आणि सोलापूर मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावरच असल्याने आपल्याला ते गोव्याइतकेच सोयीचे पडते.

किनाऱ्याची निवड करताना आधी हंगामाचा विचार करावा लागतो. आपल्याकडे येणाऱ्या चांगल्या लाटा स्थानिक वाऱ्याने तयार होत नाहीत. दक्षिण हिंदी महासागरात, हजारो किलोमीटरवर वादळे होतात आणि तिथून निघालेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला पोहोचतात. दोन लाटांमधले अंतर आठ सेकंदांचे असेल तर लाट किरकोळ आणि विस्कळीत येते, तेच चौदा-पंधरा सेकंदांवर गेले की दिसायला छोटी असलेली लाटही जोरकस असते. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांची उंची आणि हा कालावधी यांचा अंदाज रोज देते. मामांना तो वाचता येत असेलच, पण घरच्यांनीही वाचायला शिकावे, म्हणजे नुसत्या ‘समुद्र खवळला आहे’ या बातमीने जीव टांगणीला लागणार नाही.

नैऋत्य मोसमी पावसात पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्यांना पाण्यात उतरवत नाहीत. तिथे शिकवण्याचे काम ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालते. तमिळनाडूत उलट आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात दक्षिणेकडून नियमित लाटा येतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने ईशान्य मोसमी पावसाचे आणि चक्रीवादळांचे असतात. म्हणजे हिवाळा कर्नाटकात आणि उन्हाळा कोवलमला अशी विभागणी केली, तर माणसाला वर्षभर शिकवता येते, आणि मधले महिने सोलापूरला घरी काढता येतात. दोन्हीकडे पहाटेची वेळ राखून ठेवावी. शाळेच्या भूगोलात वाचलेले मतलई वारे सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे लाटेचा दर्शनी भाग गुळगुळीत राहतो. दहानंतर खारे वारे सुरू झाले की पाण्याची घडी मोडते.

कर्नाटकात मुल्की हे ठिकाण पाहा. शांभवी आणि नंदिनी या नद्या तिथे समुद्राला मिळतात. फ्लोरिडातून 1970 च्या दशकात भारतात आलेले आणि पुढे संन्यास घेतलेले जॅक हेबनर यांनी 2004 मध्ये तिथे मंत्र सर्फ क्लब सुरू केला. भारतातल्या संघटित सर्फिंगची सुरुवात लोक साधारण तिथूनच मोजतात. ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून ते ओळखले जात. पहाटे जप, मग पाणी, मग शिकवणे, असा दिनक्रम एखाद्या जुन्या सैनिकाला आपलाच वाटेल. कोवलमची गोष्ट निराळी आहे. मूर्ती मेगवन या स्थानिक मच्छीमाराने तिथे गावातल्या मुलांना लाटांवर आणले, आणि आज बाहेरच्या लोकांना शिकवणारे बहुतेक शिक्षक त्याच मच्छीमार घरांतले आहेत. त्यामुळे मामांनी कोवलमला ‘शिकवायला आलो’ म्हणून जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पोरांना लाट आपल्यापेक्षा चांगली कळते. त्यांना क्लॅरिनेट मात्र कोणी शिकवलेले नाही.

वयाबद्दल : साठीतली माणसे मी रोज पाण्यात पाहतो. त्यांनी बोर्ड लांब घेतलेला असतो, नऊ फुटांच्या आसपास, आणि पाण्यात ती कमी धडपडतात. खरा ताण खांद्यांवर येतो, कारण पाण्यातला बहुतेक वेळ पोटावर झोपून हातांनी वल्हवण्यात जातो आणि उभे राहणे काही सेकंदांचेच असते. सोलापुरात असतानाच पोहण्याच्या तलावावर नियमित सराव ठेवला तर खांदे तयार राहतील.

उत्तर : पोलादी_पट्टी

माझा विषय वाद्यांचा आहे, तेव्हा कानापासून सुरुवात करतो. थंड पाणी आणि वारा यांचा वर्षानुवर्षे मारा झाला की कानाच्या नळीत हाडाची वाढ होते आणि नळी अरुंद होत जाते. सर्फ करणाऱ्यांत हा विकार इतका आढळतो की त्याचे नावच त्यांच्यावरून पडले आहे. पण तो मुख्यतः थंड समुद्रांचा आजार आहे. आपल्या किनाऱ्यांचे पाणी बहुतेक वर्ष पंचवीस अंशांच्या वर असते, त्यामुळे सुट्टीपुरते पाण्यात जाणाऱ्या माणसाला तो इथे जडण्याची शक्यता कमी. उष्ण आणि दमट किनाऱ्यावर खरी भीती ओल्या कानात होणाऱ्या संसर्गाची असते.

दुसरी शक्यता घरात कुणी बोलून दाखवलेली दिसत नाही. जो माणूस इतकी वर्षे नौदलाच्या आणि मग शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट आणि ढोल यांच्या शेजारी उभा राहिला, त्याच्या श्रवणशक्तीवर आवाजाचाच परिणाम झालेला असू शकतो. आवाजाने झालेली हानी आधी वरच्या पट्टीतल्या सुरांत दिसते, तर नळी बंद झाल्याने कमी ऐकू येत असेल तर चित्र वेगळे असते. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे श्रवणचाचणी केली की हे दोन्ही वेगळे ओळखता येतात. ती चाचणी झाल्याशिवाय समुद्राला दोषी ठरवू नका, आणि निर्दोषही सोडू नका. पडद्याला छिद्र आहे असे निघाले तर मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत पाण्यात उतरायचे नाही, हे मामांकडून कबूल करून घ्या.

आता हवाईयन गिटारबद्दल, कारण तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केला आहे आणि मला तो सोडवत नाही. लाटेवर उभे राहण्याची कला आणि मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टीने वाजवायची ही गिटार, दोन्ही हवाई बेटांवरूनच आल्या. 1879 मध्ये रेव्हन्सक्रॅग हे जहाज मदेरा या पोर्तुगीज बेटावरून तिथल्या मजुरांना घेऊन होनोलुलूला पोहोचले, त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या तंतुवाद्यापासून युकुलेले घडले. गिटारवर पट्टी सरकवण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय जोसेफ केकुकू या हवाईयन मुलाला दिले जाते. ताऊ मो हे वादक 1940 च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिले आणि तिथे त्यांनी शिष्य तयार केले. पुढे हे वाद्य हिंदी चित्रपटसंगीतात रुळले, ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागसंगीत आणले, आणि विश्वमोहन भट्ट यांना मोहनवीणा (याच गिटारचे त्यांनी बदललेले रूप) वाजवलेल्या अल्बमसाठी 1994 मध्ये ग्रॅमी मिळाले. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणे, हा आपल्या संगीताचा प्राण असल्यामुळे हे परके वाद्य आपल्या हातात इतक्या सहज बसले. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ते वाजवणाऱ्या सोलापूरच्या माणसाने पुढे सर्फिंग शिकवावे, यात मला तरी काही विचित्र दिसत नाही.

वाद्ये नेताना एक काळजी घ्यावी. सोलापूरच्या कोरड्या हवेत राहिलेले लाकडी क्लॅरिनेट एकदम दमट किनाऱ्यावर नेले की लाकूड फुगून सांधे घट्ट बसतात, आणि जोर लावला तर तडकतात. पहिल्या आठवड्यात ते थोडा थोडा वेळच वाजवावे. मुलांना शिकवायला प्लॅस्टिकचे क्लॅरिनेट बरे. गिटारच्या तारा तिथे पंधरवड्यात गंजतील, त्या जास्तीच्या न्या.

उत्तर : माजी_नौसैनिक_बार्शी

ताई, मी नौदलात होतो, पण बँडमध्ये नाही, तेव्हा तुमच्या मामांना वरिष्ठ मानून लिहितो.

शिकवण्यासाठी केवळ स्वतःला येणे पुरेसे नाही. आंतरराष्ट्रीय सर्फिंग असोसिएशनचा पहिल्या पातळीचा शिक्षक अभ्यासक्रम भारतातही होत असतो. त्यासाठी जीवरक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि मान्यताप्राप्त शाळेत देखरेखीखाली ठरावीक तास शिकवावे लागते. जीवरक्षक प्रशिक्षणासाठी गोव्यात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली जलक्रीडा संस्था आहे. मामांनी आधी हे करावे. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होणे त्यांना जड जाणार नाही, कारण सैन्यदलात माणूस शेवटच्या वर्षापर्यंत कुठल्या तरी कोर्सलाच पाठवलेला असतो.

जीवरक्षण यासाठी महत्त्वाचे की बुडणारी माणसे बहुधा लाटेने बुडत नाहीत. किनाऱ्यावर फुटलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत समुद्रात जाते, आणि तो पट्टा बाहेरून शांत दिसतो, म्हणून घाटावरून आलेले पर्यटक नेमके तिथेच उतरतात. गणपतीपुळ्याला दरवर्षी घडणाऱ्या दुर्घटनांत आपल्या भागातली मुले असतात, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. त्या प्रवाहाच्या विरुद्ध पोहून कोणी परत येत नाही. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचे आणि मग लाटांबरोबर आत यायचे. सर्फ करणारा माणूस हाच पट्टा आत जाण्यासाठी वापरतो, म्हणून तो त्याला लांबूनही ओळखता येतो. हवाईचे जलतरणपटू ड्यूक कहानामोकू यांनी 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले आणि सर्फिंग जगभर नेले, हे सर्वांना ठाऊक असते. पण 1925 मध्ये कॅलिफोर्नियात बोट उलटली तेव्हा त्यांनी बोर्डावरून पुन्हा पुन्हा जाऊन आठ जणांना बाहेर काढले, आणि त्यानंतर तिथल्या जीवरक्षकांनी बोर्ड हे बचावाचे साधन म्हणून स्वीकारले. माझ्या मते मामांच्या पहिल्या धड्यात लाटेवर उभे राहण्याच्या आधी हे यायला हवे.

दुसरी गोष्ट जरा जपून लिहितो. सॅन दिएगो येथील अमेरिकी नौदलाच्या रुग्णालयात 2008 पासून जखमी आणि मानसिक आघात झालेल्या सैनिकांसाठी सर्फिंगचा सहा आठवड्यांचा उपक्रम चालतो, आणि त्यातून नैराश्य व चिंता कमी झाल्याचे तिथल्या संशोधकांनी नोंदवले आहे. तुमच्या मामांना असा काही त्रास आहे असे मी सुचवत नाही. पण गणवेश उतरल्यावर सकाळ कशाने सुरू करायची, हा प्रश्न आम्हा सर्वांना पडतो, आणि शाळा सुटल्यावर तो त्यांना दुसऱ्यांदा पडणार आहे. ते किनाऱ्याकडे पळून जात आहेत असे घरच्यांना वाटत असेल, तर या बाजूनेही एकदा पाहावे.

व्यवहाराचे एवढेच सांगतो की त्यांचे ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड चालू ठेवा. सोलापूरप्रमाणे मंगळूर आणि चेन्नई येथेही पॉलिक्लिनिक आहे.

उत्तर : चाटी_गल्ली

सगळ्यांनी मामांचे छान मनावर घेतले आहे, पण मूळ प्रश्नात मामी तयार नाहीत असे लिहिलेले आहे आणि त्याचे उत्तर कुणीच दिलेले नाही.

नौदलाची नोकरी म्हणजे घर सांभाळणारे दुसरे कोणी तरी असणे. ती वर्षे मामींनी सासरी काढली असतील, नंतर ऑर्केस्ट्राच्या रात्री काढल्या, मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या. आता शाळा सुटते आहे, तेव्हा नवरा घरी असेल अशी त्यांनी मनाशी काही आखणी केली असेल, तर तिला अडथळा म्हणणे बरे नाही. बोर्डाची खोळ त्यांनीच शिवली आहे, यावरून त्यांचा विरोध सर्फिंगला नसावा असे मला वाटते. त्या नेमक्या कशाला नाही म्हणत आहेत, हे कुणी विचारले आहे का? साहसी आयुष्याच्या गोष्टी सांगताना घरातल्या ज्या माणसामुळे ते साहस परवडले, त्याचा हिशेब नेहमी राहून जातो, आणि इथेही तसेच होत आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कंबरतलाव

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण दरम्यान बऱ्याच गोष्टी झाल्या.

कानाची चाचणी झाली. नळी मोकळी आहे, पडदाही शाबूत आहे, पण वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती दोन्ही कानांत कमी झाली आहे, उजवीकडे अधिक. डॉक्टरांनी आवाजाचे कारण सांगितले. म्हणजे समुद्र सुटला आणि बँडच सापडला. यावर मामा दिवसभर गप्प होते, कारण शाळेच्या पथकात त्यांच्या उजव्या हाताला उभे राहणारे मोठ्या ढोलाचे पोर त्यांचे सर्वांत लाडके आहे. पाण्यात जायला डॉक्टरांची हरकत नाही. वाजवताना मात्र वादकांचे कानातले बोळे वापरायचे, आणि पथकातल्या मुलांनाही ते द्यायचे, असे त्यांनी बजावले आहे.

चाटी गल्ली, तुमचे उत्तर मी मामींना वाचून दाखवले. त्यांची हरकत समुद्राला नव्हतीच. ‘मला विचारलं कुठं? सांगितलं फक्त,’ असे त्या म्हणाल्या. शिवाय त्यांना मासळीचा वास सोसत नाही आणि कोळीवाड्यात राहायचे म्हणजे काय, याचीच त्यांना धास्ती होती. आता असे ठरते आहे की पहिल्या हिवाळ्यात दोघांनी मिळून मुल्कीला जायचे, महिनाभर राहून पाहायचे, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला काहीही झाले तरी सोलापुरात असायचे. ही शेवटची अट मामींची आहे आणि तिच्यावर चर्चा होणार नाही. जीवरक्षणाचा कोर्स त्याआधी करायचा आहे. माझी आई अजूनही बोलत नाही, पण तिने परवा मुल्कीला भाकरीचे पीठ मिळते का, असे विचारले.

कोवलमबद्दल हिप्परगा यांनी लिहिलेले मामांना पूर्ण पटले. तिथे ते उन्हाळ्यात फक्त वाद्ये घेऊन जातील आणि पाण्यात त्या मुलांच्या मागे राहतील, असे ते स्वतःच म्हणाले. आता एकच विचारायचे राहिले आहे. मुल्कीला सोलापूरहून बोर्ड आणि वाद्ये घेऊन कसे जावे, आणि खोली कुठे पाहावी?

उत्तर : हिप्परगा_ते_कोवलम

सोलापूरहून विजयपूरला जावे, तिथून मंगळूरची थेट रेल्वेगाडी आहे. मंगळूरहून मुल्की उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे आणि उडुपीच्या बस त्याच रस्त्याने जातात. बसच्या टपावर बोर्ड टाकू नका, मंगळूरहून टेम्पो किंवा छोटी गाडी करा. शक्य असेल तर बोर्ड नेऊच नका, तिथल्या शाळेत चांगले लांब बोर्ड असतात आणि पहिल्या महिन्यात तेवढे पुरतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्याआधी निघू नये, पाऊस रेंगाळतो.

खोली समुद्रासमोर न घेता नदीच्या बाजूला, थोडी आतल्या अंगाला घ्या. भाडे कमी पडते, खारा वारा थेट लागत नाही म्हणून क्लॅरिनेटच्या कीज आणि गिटारच्या तारा टिकतात, आणि मासळी वाळत घालतात ती वाळू तिथून दूर असते, हे मामींना अवश्य सांगा. भाकरीचे म्हणाल तर ज्वारीचे पीठ घरूनच न्या, त्या भागात उकड्या तांदळाशिवाय दुसरे काही चटकन मिळत नाही.